नाशिकच्या छोट्या तंत्रउद्योगाला सरकारी योजना कितपत उपयोगी पडतात?

स्टार्टअपसाठीच्या योजनांची माहितीपत्रके वाचताना नजर आधी सर्वांत मोठ्या आकड्याकडे जाते आणि अर्ज करणारे बहुतेक तरुण उद्योजक त्या आकड्यावरूनच योजना निवडतात. अंबड औद्योगिक वसाहतीत शीतगृहांसाठी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी बिनतारी उपकरणे बनवण्याचा लहानसा उद्योग चालवताना यांपैकी बऱ्याच योजनांशी माझा प्रत्यक्ष संबंध आला. काहींचा लाभ मिळाला, काहींसाठी नुसतेच कागद जमवले. त्या अनुभवानंतर योजना तोलण्याची माझी कसोटी अशी ठरली आहे की, पैसा खर्चाच्या आधी हाती येतो की नंतर, आणि द्राक्षहंगामाच्या आधी येतो की हंगाम उलटल्यावर, हे पाहावे. यातली दुसरी अट पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीला लागू होणार नाही. नाशिकमध्ये शेती, पॅकहाऊस (फळे निवडून पेट्यांत भरण्याची जागा) आणि शीतगृहांसाठी काम करणाऱ्या उद्योगाचे वर्ष मात्र जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांवर उभे असते, म्हणून या परीक्षणात मी ती सोडणार नाही.

सुरुवात नोंदणीपासून करतो, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त होतो. केंद्र सरकारचा स्टार्टअप इंडिया उपक्रम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाला आणि त्याखाली उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभाग, म्हणजे डीपीआयआयटी, कंपनीला स्टार्टअप म्हणून मान्यता देतो. उद्यम नोंदणी ही सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची, १ जुलै २०२० पासून सुरू झालेली वेगळी व्यवस्था आहे. दोन्ही नोंदण्या ऑनलाइन होतात, दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्ही करून घ्याव्यात. पहिलीमुळे पेटंट शुल्कातील सूट आणि बीजभांडवलाचा मार्ग खुला होतो. दुसरीमुळे सरकारी खरेदीतील राखीव हिस्सा आणि थकलेल्या बिलाच्या वसुलीसाठी कायद्याचा आधार मिळतो. उद्यम नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे आहेत, त्यांना एक रुपयाही देऊ नये. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पहिल्या १० वर्षांपैकी सलग ३ वर्षे नफ्यावर आयकर माफी मिळू शकते, या लाभाची चर्चा फार होते; पण त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या हाती पहिल्या काही वर्षांत कर भरण्याइतका नफा क्वचितच राहतो. ज्याची बॅलन्स शीट अजून तोट्यात आहे त्याने या लाभाचा हिशेब धरून पुढचे बेत आखू नयेत.

आता बीजभांडवल. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ साली ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. कल्पना सिद्ध करणे, नमुना बनवणे आणि त्याच्या चाचण्या घेणे यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणारे) रोखे, अशी तिची रचना आहे. पैसा सरकारकडून थेट येत नाही, तो निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा व मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत, येतो, आणि अर्जदाराला एकाच वेळी तीन इन्क्युबेटरांकडे पसंती देता येते. अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा अधिक काळ झालेला नसावा, अशी अट आहे. कागदावर ही योजना मला आजही चांगली वाटते, कारण कंपनीतला हिस्सा न मागता चाचण्यांसाठी पैसा देणारे दुसरे कोणी सहसा भेटत नाही. अडचण तिच्या वेळापत्रकात आहे आणि ती समजावी म्हणून आमच्या उपकरणाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

निर्यातीची द्राक्षे पॅक झाली की आधी प्री-कूलिंगच्या खोलीत त्यांचे तापमान साधारण ४ अंशांपर्यंत उतरवतात आणि मग ती शून्य ते १ अंशाच्या शीतगृहात, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. ट्रॉली आत घेण्यासाठी दार उघडले की बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते आणि भिंतीवरच्या थंड पेटीवर दव धरते. ते पाणी केबल ग्लँडच्या, म्हणजे पेटीत केबल शिरते तिथल्या जोडाच्या, कडेने हळूहळू आत उतरते, सर्किट बोर्डावर साचते आणि काही आठवड्यांत तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो. मग सेन्सर आर्द्रता १०० टक्के दाखवत अडकून राहतो. हा दोष कार्यशाळेतल्या टेबलावर दिसत नाही. तो पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये, दिवसातून अनेकदा दार उघडले जाते तेव्हाच दिसतो, म्हणजे फक्त हंगामात दिसतो. बोर्डावर संरक्षक लेप द्यायचा की पेटीची रचनाच बदलायची, याचा निर्णय हंगाम चालू असतानाच घ्यावा लागतो, आणि दोन्ही पर्यायांचे नमुने हाताशी ठेवायचे तर साचा, बोर्ड आणि घटक यांचे पैसे डिसेंबरच्या आत मोजावे लागतात.

बीजभांडवलाचे हप्ते ठरवलेले टप्पे पूर्ण झाल्यावर सुटतात. पुढचा हप्ता हवा असेल तर आधीच्या हप्त्याचे, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, टप्प्याचा अहवाल सादर करावा लागतो आणि समितीची बैठक व्हावी लागते. आमच्या बाबतीत नाशिकबाहेरच्या एका इन्क्युबेटरची बैठक डिसेंबरमध्ये होणार होती. ती पुढे ढकलली गेली, मग आर्थिक वर्षाच्या अखेरीची धावपळ सुरू झाली आणि पैसा बँकेत आला तेव्हा शेवटचे कंटेनर रवाना झाले होते. रक्कम पूर्ण मिळाली, व्यवहारात कोणतीही खोट नव्हती, आणि तरीही उपकरणाचे एक वर्ष वाया गेले. हंगामाआधी हवा असलेला पैसा मे महिन्यात मिळाला तर शेतीतंत्रज्ञानाच्या कंपनीला तो पुढच्या वर्षीच मिळाल्यासारखा असतो, हे समितीवरच्या मंडळींना समजावून सांगणे अवघड जाते, कारण अर्जाच्या नमुन्यात हंगामासाठी रकानाच नाही. नव्या अर्जदारांना माझा आग्रह राहील की, टप्प्यांचा तक्ता भरताना चाचणीचा टप्पा स्पष्ट महिन्यांसह लिहावा, नमुने बनवण्याचा संपूर्ण खर्च पहिल्याच हप्त्यात मागावा आणि त्याचे कारण लेखी नोंदवावे. याच योजनेतला पैसा कायमस्वरूपी सुविधा उभारण्यासाठी वापरता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. प्रयोगशाळा थाटण्याची स्वप्ने या निधीवर रंगवू नयेत.

सुविधा विकत घेण्याची गरज नाशिकमध्ये बऱ्याच अंशी भासत नाही, याचे श्रेय अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरला द्यायला हवे. मोठ्या कारखान्यांनाच परवडणारी मोजमापाची आणि नमुने बनवण्याची यंत्रणा लहान उद्योगाला शुल्क देऊन वापरता यावी, हा या सामायिक केंद्राचा हेतू आहे. त्रिमितीय छपाईने पेटीचा नमुना काढणे किंवा एखाद्या भागाची मापे अचूक तपासून घेणे, ही कामे पुण्याला न जाता होतात आणि तिथल्या तंत्रज्ञांना नाशिकच्या कामाची सवय आहे, ही गोष्ट मला यंत्रांइतकीच मोलाची वाटते. बॉश, महिंद्र, एबीबी यांसारख्या कारखान्यांना सुटे भाग पुरवून तयार झालेला हा परिसर आहे. इथला साचे बनवणारा कारागीर रेखाचित्र पाहताच भिंतीची जाडी कुठे कमी पडेल ते सांगतो. कोणत्याही अनुदानाच्या रकमेत ही मदत मोजलेली नसते, पण माझ्या पडताळणीत तिला वरचा क्रमांक आहे.

प्रमाणपत्रांचा खर्च हा उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या अंदाजपत्रकातला सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. बिनतारी उपकरण विकायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण प्रकार मान्यता लागते, आणि तिच्यासाठी आधी प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल हवा असतो. पेटीत पाणी व धूळ शिरत नसल्याची चाचणी वेगळी, विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची वेगळी. महाराष्ट्राच्या २०१८ च्या स्टार्टअप धोरणानंतर महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने गुणवत्ता चाचणी आणि बौद्धिक संपदेच्या खर्चासाठी साहाय्य योजना आणल्या. त्यांत चाचणी व प्रमाणपत्रासाठी २ लाखांपर्यंत, देशातील पेटंटसाठी २ लाखांपर्यंत आणि आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी १० लाखांपर्यंत मदत आहे. हेतू उत्तम आहे आणि सोसायटीची कागदपत्रांची यादी स्पष्ट असते, पण ही सारी प्रतिपूर्ती आहे, म्हणजे आधी खिशातून भरायचे, पावत्या जोडायच्या आणि वाट पाहायची. ज्या महिन्यात कामगारांचे पगार आणि प्रयोगशाळेचे बिल एकाच खात्यातून द्यायचे असते, त्या महिन्यात प्रतिपूर्तीचे आश्वासन उपयोगी पडत नाही.

याउलट केंद्राची पेटंट शुल्कातील ८० टक्के सूट अर्ज भरतानाच मिळते. ऑनलाइन अर्जाचे शुल्क मोठ्या कंपनीला ८,००० रुपये असते तिथे स्टार्टअपला १,६०० रुपये पडते आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी २०,००० ऐवजी ४,००० रुपये भरावे लागतात. परीक्षण लवकर व्हावे म्हणून जलद प्रक्रियेची सोयही स्टार्टअपला आहे, आणि नेमलेल्या साहाय्यकांचे व्यावसायिक शुल्क सरकार थेट भरते. रक्कम राज्याच्या योजनेपेक्षा कितीतरी लहान आहे, तरी माझ्या कसोटीवर ही योजना अधिक सरस ठरते, कारण इथे खर्च झाल्यावर मदत मागावी लागत नाही, मुळात खर्चच कमी होतो. राज्यानेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळांशी करार करून चाचणीचे शुल्क थेट तिकडे वळवले, तर त्याच तरतुदीतून अधिक उद्योगांचे काम होईल, असे मला मनापासून वाटते.

सातपूरचे जिल्हा उद्योग केंद्र आणि त्यामार्फत चालणारे पंतप्रधान व मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांविषयी थोडक्यात लिहितो. पंतप्रधान कार्यक्रमात सर्वसाधारण गटातील अर्जदाराला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, विशेष गटांसाठी ते अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के आहे. हे अनुदान तीन वर्षे मुदत ठेवीसारखे बँकेतच राहते आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात जमा होते. ठरलेली यंत्रे घेऊन ठरलेले उत्पादन काढणाऱ्या कार्यशाळेला ही योजना योग्य आहे. ज्याचे उत्पादन अजून दर सहा महिन्यांनी बदलते आहे अशा तंत्रकंपनीने मात्र प्रकल्प अहवालात यंत्रांची नावे लिहिण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा.

उद्योग चार-पाच वर्षांचा झाला, मागणी येऊ लागली, की बीजभांडवलासारख्या योजनांतून तो वयामुळे बाहेर पडलेला असतो आणि खेळत्या भांडवलासाठी बँकेच्या दारात उभा राहतो. माझ्या मते नाशिकच्या वाढत्या उद्योगांची खरी परवड या टप्प्यावर होते. सीजीटीएमएसई हा न्यास २००० सालापासून लहान उद्योगांच्या तारणाविना कर्जाला हमी देतो. हमीची मर्यादा २०२३ मध्ये ५ कोटी आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये झाली, आणि छोट्या कर्जांवरचे वार्षिक शुल्कही कमी करण्यात आले. स्टार्टअपसाठी २०२२ पासून स्वतंत्र हमी योजनाही आहे. या योजनेबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, तो दूर व्हायला हवा. ही हमी बँकेला मिळते. कर्जदाराची देणेदारी तिच्यामुळे एका रुपयाने कमी होत नाही. तिचा उपयोग इतकाच की, वडिलांचे गावचे शेत किंवा राहते घर गहाण न टाकता कर्ज मंजूर होण्याची शक्यता निर्माण होते, आणि मध्यमवर्गीय घरातून आलेल्या उद्योजकाला हा उपयोग फार मोठा आहे. तरीही शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हाच असतो. अशा वेळी वाद न घालता हमी योजनेखालीच कर्ज हवे असल्याचे अर्जात लेखी नमूद करावे आणि नकार आला तर त्याचे कारणही लेखी मागावे. कागदावर मागणी असली की तोच अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो, असा माझा अनुभव आहे.

मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांवर मी अधिक लिहिणार नाही. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या बैठकीत खरेदी विभागातला निवृत्त माणूस शेजारी बसतो, तेव्हा कोणत्या कारखान्यात नवा पुरवठादार कसा नोंदवतात हे एका संध्याकाळी कळते. गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण कसे करावे, यावरच्या शिबिरांतून तेवढे हाती लागत नाही.

सर्व योजनांमध्ये मला सर्वाधिक भावलेली रचना महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाची आहे. निवडल्या गेलेल्या स्टार्टअपना पारितोषिकाच्या धनादेशाऐवजी सरकारी कार्यादेश (सुरुवातीच्या वर्षांत २४ स्टार्टअपना प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचे) मिळतात आणि संबंधित विभागात उत्पादन प्रत्यक्ष वापरून पाहिले जाते. नव्या कंपनीला कोणी मागणी देत नाही, कारण तिने पूर्वी कोणाला माल दिलेला नसतो. हा फास सोडवण्याची ताकद पैशापेक्षा पहिल्या कार्यादेशात आहे. त्यानंतर जीईएम या सरकारी खरेदी संकेतस्थळावरच्या निविदांमध्ये पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटींत स्टार्टअपला सवलत देता येते, अनामत रक्कमही माफ होते, आणि केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. सवलत द्यावी की नाही हे निविदा काढणारा अधिकारी ठरवतो, त्यामुळे निविदेची प्रत बारकाईने वाचून, मुदतीच्या आत शंका विचारूनच पुढे जावे.

कार्यादेश मिळाला, माल दिला, आणि बिल थकले, तर आधीच्या साऱ्या मदतीवर पाणी फिरते. या टप्प्यासाठी असलेला कायदा ही मला सर्वांत कमी वापरली जाणारी मदत वाटते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार खरेदीदाराने सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे नेता येते, तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, आणि निकालाला आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायदा असा भक्कम आहे, पण वर्षाला दोनच मोठे ग्राहक असणारा उद्योजक त्यातल्या एकाविरुद्ध तक्रार कशी करणार? आमच्या एका ग्राहकाने बिलावर उद्यम क्रमांक लिहू नका, अशी विनंती केली होती. आम्ही ती मानली नाही आणि पुढची मागणी आली नाही. म्हणून उद्यम नोंदणी पहिल्या व्यवहाराच्या आधीच करावी, क्रमांक लेटरहेडवर छापून टाकावा आणि मुदतीची अट खरेदी आदेशातच लिहून घ्यावी. नंतर ती काढून टाकायला सांगणे समोरच्यालाही अवघड जाते.

नाशिकपुरती एक संधी लवकरच येते आहे आणि तिच्यासाठी स्थानिक यंत्रणांनी वर सांगितलेल्या कार्यादेशाच्या रचनेचा अवलंब करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. गेल्या सिंहस्थाच्या आधी, २०१४ पासून, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हा नवकल्पनांचा मेळावा भरला होता. गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर तरुणांनी त्यात काम केले, आणि पुढे टीसीएस फाउंडेशनने शहरात डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पना केंद्र सुरू केले. प्रश्न शोधून त्यावर नमुना तयार करण्याची सवय नाशिकला त्यातून लागली. आता २०२७ च्या सिंहस्थातल्या मुख्य स्नानपर्वण्या पावसाळ्यातच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडावर पाणी किती वेळात चढेल, हे घाटावरच्या पोलिसाला आधी कळायला हवे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले ते पाहून नाशिककर पुराचा अंदाज घेत आले आहेत. त्याच काठावर पाणीपातळीचे सेन्सर बसवण्याचे काम अंबड-सातपूरच्या उद्योगांना येते. अशा कामांची आव्हाने जाहीर करताना प्रत्येक निवडलेल्या उद्योगाला चाचणीचा कार्यादेश द्यावा, नमुन्याच्या खर्चाइतकी रक्कम आगाऊ द्यावी, त्याआधीच्या पावसाळ्यात उपकरण घाटावर पूर्ण वेळ चालवून पाहावे, आणि उरलेले बिल ४५ दिवसांच्या आत द्यायची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकावी.